फी कमी आहे, पण पदवी वेळेत हातात पडते का?

रानजाई

नमस्कार मंडळी,

बहिणीच्या मुलीचं बीएस्सी झालं, संख्याशास्त्र घेऊन. पुढे एमएस्सी करायचं नक्की आहे, पण कुठे, यावर घरात रोज खल चाललाय. एक पर्याय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग. दुसरा पुण्यातल्याच एका खासगी विद्यापीठाचा डेटा सायन्सचा अभ्यासक्रम. दाजींचा कल सरकारीकडे, कारण फी. भाचीच्या मैत्रिणी म्हणतात खासगीत जा, कारण नोकरी. खासगीची एका वर्षाची फी दाजींच्या उसाच्या वर्षभराच्या बिलापेक्षा जास्त होते. तिकडे जायचं तर कर्ज काढूनच.

आमच्यासाठी सल्ला जरूर द्या, पण धागा त्याच्याही पलीकडच्या गोष्टीसाठी काढतेय. मी तालुक्याच्या एका महाविद्यालयात शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळते. महाडीबीटीचे (शिष्यवृत्तीचं सरकारी पोर्टल) अर्ज तपासायचे, त्रुटी काढायच्या, आधार बँकेला जोडलेलं नाही म्हणून अडकलेला हप्ता सोडवायचा, हे माझं रोजचं काम. दरवर्षी आमची मुलं पदवी घेऊन पुण्याला जातात आणि दरवर्षी पालक येऊन एकच विचारतात, "मॅडम, फी किती बसंल?" मागच्या वर्षी जेवढे आत गेले त्यातले किती वेळेत पास होऊन बाहेर पडले, हे आजवर एकाही पालकाने मला विचारलेलं नाही.

खरं तर हाच प्रश्न आधी यायला हवा. ज्याची पदवी अर्धवट राहिली त्याला शिक्षण सगळ्यात महाग पडलं, फी कितीही कमी असो. फी गेली, दोन वर्षांचं राहणं-खाणं गेलं, घरच्या कामात लागले असते ते हात गेले, आणि पदरात काय, तर एटीकेटीच्या, म्हणजे विषय राहिलेल्या, गुणपत्रिका. अशी मुलं मी परत आलेली बघते. ती गुपचूप येतात. कागद लागला की कार्यालयात येतात, पण काय झालं ते सांगत नाहीत.

आता एक कागद दाखवते. एनआयआरएफची, म्हणजे केंद्र सरकारची देशातल्या शिक्षणसंस्थांची, क्रमवारी २०१६ पासून निघते. क्रमांक सगळे बघतात. पण त्या क्रमवारीसाठी संस्था जी माहिती भरते, तिची पीडीएफ संस्थेच्या संकेतस्थळावर असते, ती उघडून बघा. त्यात एक तक्ता आहे: मंजूर जागा किती, पहिल्या वर्षाला प्रवेश किती, ठरलेल्या मुदतीत उत्तीर्ण किती, नोकरी किती जणांना लागली, त्यांचा मध्यक पगार (निम्म्यांना त्याहून जास्त, निम्म्यांना कमी) किती, पुढच्या शिक्षणाला किती गेले. त्याच पीडीएफमध्ये दुसरा तक्ता असतो: एकूण विद्यार्थ्यांत आर्थिकदृष्ट्या मागास किती, सामाजिकदृष्ट्या मागास किती, सरकारकडून पूर्ण फी परत मिळणारे किती, संस्थेच्या पैशातून मिळणारे किती, काहीच न मिळणारे किती.

परवडण्याचा हिशेब आणि निकालाचा हिशेब, दोन्ही एकाच कागदावर. पण एकमेकांना जोडलेले नाहीत! ज्यांची फी सरकारने भरली त्यांतले किती जण मुदतीत पास झाले, हे त्या कागदावरून कळत नाही. मला जे हवंय ते नेमकं तेवढंच आहे. माझ्या टेबलावरून गेलेल्या अर्जांचं पुढे काय झालं?

आणखी दोन अडचणी. विद्यापीठाच्या कागदात दोन वर्षांचे सगळे पदव्युत्तर अभ्यासक्रम एकाच ओळीत येतात. संख्याशास्त्र, मराठी, रसायनशास्त्र सगळं एकत्र. एका विभागाचं त्यातून काही समजत नाही. आणि हा आकडा विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांचा. संलग्न महाविद्यालयं त्यात धरलेली नसतात, आणि आपली बहुतेक मुलं तर तिथेच शिकतात.

तुमच्यापैकी जे सरकारी विद्यापीठात शिकलेत, शिकवतात किंवा ज्यांची मुलं तिथे आहेत, त्यांनी लिहा. फी सोडून खर्च काय आला, आणि शेवट कसा झाला?

---

सहावी_खिडकी

ताई, मी सध्या विद्यापीठाच्या एका विज्ञान विभागात दुसऱ्या वर्षाला आहे (तुमच्या भाचीच्या नाही). खर्चाचं सांगतो.

फीचं ओझं मला कधी वाटलं नाही. खरा मार राहण्या-खाण्याचा. वसतिगृह गुणवत्ता यादीप्रमाणे आणि आरक्षणाप्रमाणे मिळतं, जागा मागणीपेक्षा खूप कमी. यादी लागेपर्यंत कुणाच्या तरी खोलीत पाहुणा म्हणून काढावं लागतं. नाही मिळालं तर बाहेर कॉट बेसिस. औंध, पाषाण, खडकी किंवा मग थेट पेठांमध्ये, एका खोलीत चौघं, महिन्याला चार ते पाच हजार, वर डिपॉझिट. दोन वेळची मेस तीन-साडेतीन हजार. रविवारी रात्री मेस बंद, तो खर्च वेगळा. बसचा पास, झेरॉक्स, इंटरनेट धरून महिना दहा हजाराच्या आसपास जातो. म्हणजे वर्षाला लाखाच्या वर. फी त्यापुढे काहीच नाही.

कमवा आणि शिका योजनेत मी पहिल्या वर्षी होतो. बागेत, विभागाच्या कार्यालयात किंवा ग्रंथालयात काम मिळतं, तासावर पैसे. मेसचा बराचसा भाग त्यातून निघायचा. पण प्रॅक्टिकलचं सत्र आलं की तास भरणं जमत नाही, आणि पैशाची गरज नेमकी तेव्हाच असते. आमच्या वर्गातले दोघं पहिल्या वर्षी संध्याकाळची डिलिव्हरीची कामं करायला लागले. त्यातला एक तिसऱ्या सत्रात यायचा बंद झाला. हुशार होता. माझ्यापेक्षा गणितात पक्का होता. त्याला "तू का येत नाहीस" असं विचारायला विभागातून कोणी फोन केला नाही. करणारं माणूसच नाही तिथे.

जमेची बाजूही लिहितो, नाहीतर चित्र एकतर्फी होईल. जयकर ग्रंथालयासारखी जागा दुसरीकडे मिळणार नाही. तिथल्या अभ्यासिकेत आठ-आठ तास बसणारी मुलं बघून आपणही बसतो. आणि वर्गात नंदुरबारपासून सोलापूरपर्यंतची पोरं. मी पहिल्यांदा प्रोग्रॅमिंग शिकलो ते शिक्षकांकडून कमी आणि वरच्या वर्गातल्या एका दादाकडून जास्त. रिफेक्टरीत (विद्यापीठाच्या उपाहारगृहात) चहा पीत तो रोज एक गणित सोडवून घ्यायचा.

---

पैलतीर

मी दुसऱ्या बाजूचा. मुलाला खासगीत घातलंय, नाशिकहून. नाव घेत नाही.

रानजाई ताई, तुमचा मुद्दा वेळेचा आहे ना? मग वेळेवरच बोलू. मुलाचा निकाल ठरलेल्या तारखेला लागतो. शेवटचं सत्र पूर्ण इंटर्नशिपचं आहे आणि ते वेळापत्रकातच आहे, मुलाने स्वतः दारोदार फिरून शोधायचं नाही. सलग काही दिवस गैरहजर राहिला तर मला मेसेज येतो. सरकारीत हे होतं का? फी जास्त आहे, मान्य. पण एक वर्ष वाया गेलं तर त्या वर्षाचा पगार बुडतो, तो कोणी मोजत नाही. तो धरला तर दोन्हीतला फरक बराच कमी होतो.

गरिबांनी खासगीत जावं असं माझं म्हणणं नाही. पण सरकारी म्हणजे स्वस्त आणि खासगी म्हणजे लूट, या मापाने मुलाचं भविष्य मोजू नका एवढंच.

---

कालिना_कल्याण

मुंबई विद्यापीठातून बीकॉम आणि एलएलबी, दोन्ही नोकरी करत करत. पैलतीर यांच्या वेळेच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा, आणि तरीही मी सरकारीच्याच बाजूने लिहिणार आहे.

२०१७ आठवतंय? उत्तरपत्रिका संगणकावर तपासायचा निर्णय ऐनवेळी झाला, लाखो उत्तरपत्रिका स्कॅन होऊन पडल्या आणि निकाल लागेनात. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही टळली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. १८५७ साली स्थापन झालेलं विद्यापीठ! विधी शाखेचे निकाल तर फारच रखडले. माझ्या ओळखीतल्या एका मुलीचा परदेशातला प्रवेश गुणपत्रिका नाही म्हणून हातचा गेला. तिची फी किती होती? नगण्य. तिला ती पदवी स्वस्त पडली असं कोण म्हणेल?

पण याच शहरात दुसरीही परंपरा आहे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढलं तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून वर्ग सकाळी ठेवले. मुलगा हुशार आहे पण दहा वाजता त्याला कामावर हजर व्हायचंय, हे गृहीत धरून वेळापत्रक आखलं. आज एखाद्या विभागाचं वेळापत्रक बघा. सकाळी दहाला एक तास, मग दुपारी दोनला एक, मग साडेचारला. बदलापूर-विरारहून येणाऱ्या मुलाने मधले तास काय करायचं? तो अर्धवेळ कामही धरू शकत नाही आणि घरीही जाऊ शकत नाही. फी एक रुपयाने न वाढवता हे सुधारता येतं. तीन दिवसांत तास बसवा, उरलेले दिवस त्याला कमावू द्या.

प्रवासाबद्दलही एक सांगतो. रेल्वेचा विद्यार्थी पास सवलतीत मिळतो, मुलींना तर पदवीपर्यंत दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत. कितीतरी मुलींना हे माहीत नसतं, कॉलेजच्या खिडकीवर कोणी सांगत नाही. सवलत असून न मिळणं हा सगळ्यात चीड आणणारा प्रकार आहे.

---

क्वीन्सकर

धागा वाचून राहवलं नाही. न्यूयॉर्कहून लिहितेय. मुलगी इथल्या सिटी युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे क्यूनीच्या, एका महाविद्यालयात शिकते. शहराचं सरकारी विद्यापीठ, पंचवीसच्या आसपास महाविद्यालयं, शहराच्या पाचही भागांत (बरोंमध्ये) पसरलेली. १८४७ साली 'फ्री अकॅडमी' म्हणून सुरुवात झाली आणि दिवसाच्या विद्यार्थ्यांना १९७६ पर्यंत शिकवणी शुल्कच नव्हतं. शहर दिवाळखोरीच्या दारात गेलं तेव्हा फी आली. आज चार वर्षांच्या महाविद्यालयात राज्यातल्या विद्यार्थ्याला वर्षाला ६,९३० डॉलर. अमेरिकेच्या मानाने फारच कमी, आणि गरीब घरांतल्या बऱ्याच मुलांची ती अनुदानातून पूर्ण भरली जाते.

पण ऐका, फी नसूनही मुलं गळायची. विशेषतः दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांत. मग २००७ मध्ये त्यांनी 'असॅप' नावाचा कार्यक्रम काढला. विद्यार्थ्याने पूर्णवेळ नाव घालायचं, आणि बदल्यात फीची राहिलेली तूट, पुस्तकांना मदत आणि महिन्याचा मेट्रोचा पास. पास हातात कधी पडतो? सल्लागाराला भेटायला गेलं की! या सल्लागाराकडे मुलं मोजकी असतात, त्याला प्रत्येकाचं नाव, विषय, घरची अडचण माहीत असते. वर लिहिणाऱ्या सहावी_खिडकीच्या मित्राला जो फोन आला नाही, तो फोन करणारा माणूस म्हणजे हा.

याचा नीट अभ्यास झालाय. एमडीआरसी या संस्थेने सोडत काढून मुलांचे दोन गट केले. तीन वर्षांनी कार्यक्रमातली ४० टक्के मुलं पदवी घेऊन बाहेर पडली होती, नेहमीच्या गटातली २२ टक्के. दरडोई खर्च ६० टक्क्यांहून जास्त वाढला. पण पदवी घेणाऱ्या एका मुलामागचा खर्च काढला तर तो उलट कमी भरला, कारण पदवीधर जवळजवळ दुप्पट झाले. पुढे ओहायोतल्या तीन कॉलेजांत हेच करून पाहिलं, तिथेही पदव्या दुपटीच्या घरात गेल्या.

आणि मोठ्या चित्राबद्दल: अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये महाविद्यालयांची आकडेवारी करविवरणपत्रांशी जोडून बघितली. गरीब घरातून मध्यमवर्गात आणि त्याच्याही वर पोचलेल्या मुलांची संख्या क्यूनीत सगळ्या आयव्ही लीग (अमेरिकेतली आठ जुनी नामांकित विद्यापीठं) आणि आणखी चार नामांकित विद्यापीठं मिळून होते त्याच्या जवळपास सहापट निघाली. रानजाई ताईंना जे दोन तक्ते जोडून हवेत, ते तिथे जोडले गेले म्हणून हे समजलं.

इथेही सगळं गोड नाही. इमारती गळतात, अर्धवेळ शिक्षकांवर गाडा चालतो, मुलीला हव्या त्या विषयाची जागा एका सत्रात मिळाली नाही. पण "मुलगा का थांबला" हा प्रश्न विचारणं हे विद्यापीठाचं काम आहे, एवढं इथे मान्य झालंय.

---

खडू_आणि_फळा

क्वीन्सकर, तुमच्या प्रतिसादाने आतून हललो. मी पुण्यात तासिका तत्त्वावर शिकवतो. पीएचडी आहे, नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) आहे, आणि दर जूनमध्ये नव्याने मुलाखत देतो.

मुलांना फोन करणारं माणूस नाही असं वर लिहिलंय. ते माणूस मी असायला हवं होतं. मला पैसे मिळतात ते शिकवलेल्या तासांचे. मुलाबरोबर बसून त्याला तिसऱ्या सत्रात का जड जातंय हे समजून घेतलं, तर तो तास कुठल्याही नोंदवहीत येत नाही. तरी आम्ही करतो. पण एका महाविद्यालयातला तास संपवून दुसऱ्या महाविद्यालयात पोचायचं असतं, त्यामुळे मुलं जिन्यात गाठतात आणि जिन्यातच बोलणं होतं. पुढच्या जूनमध्ये मी तिथे असेन की नाही हे मलाच माहीत नसतं, मग दोन वर्षं एका मुलाची साथ कोण करणार?

पुणे विद्यापीठ एनआयआरएफच्या विद्यापीठ गटात २०२४ ला २३ वं होतं, २०२५ ला ५६ वं झालं. सगळ्या वर्तमानपत्रांत मथळे आले. या क्रमवारीत विद्यार्थ्यांमागे कायम शिक्षक किती, याला गुण असतात. वर्षानुवर्षं भरतीच होत नाही, निवृत्त झालेल्याची जागा रिकामी राहते, मग घसरण होईल नाहीतर काय? याचा त्रास क्रमांकाला होतो तो होतो, पण आधी तो वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलाला होतो. जो आधीच पुढे आहे तो व्हिडिओ बघून शिकतो. जो मराठी माध्यमातून, तालुक्याच्या कॉलेजातून आलाय, त्याला समोर माणूस लागतो. शिक्षक न भरणं ही सरकारची बचत वाटते, पण त्याचं बिल हा मुलगा भरतो.

पैलतीर साहेब, तुमचं म्हणणं मला पटतं आणि म्हणूनच त्रास होतो. निकाल वेळेवर लावणं, गैरहजेरी कळवणं, इंटर्नशिप वेळापत्रकात बसवणं, यात खासगीची मक्तेदारी असण्याचं काहीएक कारण नाही.

---

पैलतीर

खडू_आणि_फळा, सर, तुम्ही लिहिलंय ते वाचून बराच वेळ काही लिहवेना. माझाही विरोध सरकारी शिक्षणाला नाही. मी स्वतः नगरपालिकेच्या शाळेत शिकलो.

रानजाई ताई, कर्जाचं चाललंय म्हणून एक कामाची गोष्ट. पीएम विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. विनातारण, विनाजामीन शैक्षणिक कर्ज, आणि वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर अभ्यासक्रम चालू असताना आणि त्यापुढे एक वर्ष ३ टक्के व्याज सवलत. पण ती ठरावीक संस्थांनाच लागू आहे आणि ती यादी एनआयआरएफच्या क्रमांकावरून बनते. तुम्ही ज्या खासगी विद्यापीठाचा विचार करताय ते यादीत आहे का, हे पोर्टलवर आधी बघा. नसेल तर बँक साध्या योजनेत कर्ज देईल, तिथे साडेसात लाखांच्या वर तारण मागतात. दाजींची जमीन त्यात अडकवू नका, ही हात जोडून विनंती.

---

सुगरणीची_वही

ताई, एक शंका. मुलींना आता सगळी फी माफ आहे ना? मग भाचीला खासगीतही माफ होईल की.

---

रानजाई

सुगरणीची_वही, हा गैरसमज माझ्या टेबलावर रोज येतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं ते व्यावसायिक अभ्यासक्रमांना, केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या मुलींना. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, एमबीए, एमसीए वगैरे. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यात नाहीत. संस्थास्तरावरच्या कोट्यातून प्रवेश घेतला तरी नाही. म्हणजे भाचीच्या खासगी विद्यापीठाला ती लागू नाही, आणि साध्या एमएस्सीलाही नाही. "मुलींना शिक्षण फुकट" एवढंच ऐकून एका वडिलांनी मुलीचा प्रवेश कोट्यातून घेतला होता. फी भरायची वेळ आली तेव्हा त्यांना कळलं. त्यांचा चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

आता बाकीच्यांना.

सहावी_खिडकी, तू लिहिलेला महिन्याचा हिशेब मी छापून कार्यालयाच्या फळ्यावर लावणार आहे, तुझी हरकत नसेल तर. फीच्या शेजारी हा आकडा दिसलाच पाहिजे. आमच्याकडे पालक फीपुरते पैसे जमवून मुलाला पाठवतात आणि दिवाळीपर्यंत मुलगा कोरडा पडतो. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता कधी सत्र संपताना येतो, कधी त्यानंतर. मेसवाला तोवर थांबत नाही. हप्ता शैक्षणिक वर्ष सुरू होताना आला, तर त्याच रकमेत कितीतरी मुलं टिकतील, असं मला या टेबलावर बसून खात्रीने वाटतं.

क्वीन्सकर, तुमचं सल्लागाराला भेटल्यावर पास देण्याचं वाचून मी थांबले. आमच्याकडे मदत आणि माणूस वेगवेगळ्या खिडक्यांवर आहेत. पैसे समाजकल्याणकडून, प्रवेश विभागाकडून, वसतिगृह तिसरीकडून, आणि मुलाची एकूण अवस्था कोणाच्याच खिडकीत नाही. पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समितीने १९५५ पासून वसतिगृहांमधून हेच तर केलं. राहण्या-जेवणाची अल्प दरात सोय, मुलांनी स्वतः काम करायचं, आणि नावानिशी ओळखणारी कार्यकर्ती माणसं. तिथे राहिलेली मुलं टिकतात हे आमच्या तालुक्यात सगळे जाणून आहेत. पण जागा ठरलेल्या, आणि सगळ्यांना समिती कुठून पुरणार? विद्यापीठाने आपल्या प्रत्येक विभागात एक तरी असं माणूस नेमावं, पगारी, कायम.

आमचं म्हणाल तर मी विभागाच्या बाजूची आहे. भाचीचा पाया पक्का आहे आणि कर्जाचा बोजा घेऊन शिकलं की पहिली मिळेल ती नोकरी धरावी लागते. पण मी तिला चार प्रश्न लिहून दिलेत आणि प्रवेशाआधी स्वतः विभागात जाऊन विचारायला सांगितलंय. गेल्या दोन वर्षांत प्रवेश किती आणि मुदतीत पास किती. यंदा कायम शिक्षक किती. वसतिगृहाची यादी कधी लागते आणि तोवर मुली कुठे राहतात. दुसऱ्या वर्षाचा प्रकल्प बाहेरच्या कंपनीत करता येतो का. विभागातून सरळ उत्तर आलं तर उत्तम. नाही आलं, तर माजी विद्यार्थी गाठायचे.

---

खडू_आणि_फळा

पाचवा प्रश्न माझ्याकडून. गेल्या दोन वर्षांत पास झालेल्यांपैकी किती जण आता कामाला लागलेत आणि किती जण पुण्यातच स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसलेत.

हे लिहिताना जड जातं, कारण ती माझीच मुलं आहेत. एमएस्सी प्रथम श्रेणीत झालेली मुलं पेठांमधल्या अभ्यासिकांत टेबल भाड्याने घेऊन राज्यसेवा, संयुक्त परीक्षा, तलाठी भरती असं करत तिशी गाठतात. पदवी मुदतीत मिळाली म्हणून कागदावर ती यशस्वी. नोकरीच्या रकान्यात त्यांची नोंद नाही, उच्च शिक्षणाच्या रकान्यात नाही, कुठेच नाही. कॉट आणि मेस मात्र चालूच आहे, घरून पैसे येतात किंवा येणं बंद होतं. परवडण्याचा हिशेब करताना ही वर्षंही धरा.

---

सहावी_खिडकी

सर, खरंय. आमच्या आधीच्या बॅचचे निम्मे ओळखीचे चेहरे मला अजून जयकरमध्येच दिसतात. त्यांना कोणी वाईट म्हणू नये. विभागात कंपनी येत नसेल तर मुलगा काय करेल? त्याला दिसणारा रस्ता तोच आहे.

रानजाई ताई, हिशेब जरूर लावा. त्यात खोलीचं डिपॉझिट वेगळं लिहा, ते एकदम द्यावं लागतं आणि तिथेच पहिल्या महिन्यात गाडी अडते. भाचीला मुलींच्या वसतिगृहाबद्दल काही विचारायचं असेल तर माझ्या वर्गातल्या दोघी तिथे आहेत, व्यनि (खासगी निरोप) करा.

---

कालिना_कल्याण

एनईपीचं, म्हणजे नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचं, कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही नवी रचना आली. तीन वर्षांवर बाहेर पडता येतं, चौथं केलं तर ऑनर्स आणि मग पदव्युत्तर एका वर्षात. कागदावर चांगलं आहे. पण चौथं वर्ष आपल्याच कॉलेजात चालू होणार का, हे पहिल्या वर्षाच्या मुलांनी आत्ताच विचारून ठेवावं. तालुक्याच्या कॉलेजात ते नसेल, तर शहरातलं राहण्याचं आणखी एक वर्ष वाढेल.

---

माळरान_४१३

रानजाई मॅडम, माझा मुलगा यंदा पुण्यात जातोय, आम्ही अनुसूचित जातीचे. स्वाधार आणि सरकारी वसतिगृह दोन्हींचा अर्ज करू का? आणि शेजारच्या ओबीसी मुलालाही असं काही आहे का?

---

रानजाई

दादा, आधी सरकारी वसतिगृहाचा अर्ज करा. स्वाधार ही वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी आहे, दोन्ही एकदम मिळत नाहीत. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. पुण्यासाठी वर्षाला ६० हजार मिळतात, त्यात भोजन, निवास आणि निर्वाह भत्ता आला. रक्कम हप्त्यांत आणि उशिरा येते, त्यामुळे पहिल्या काही महिन्यांची सोय हाताशी ठेवूनच त्याला पाठवा. खोलीचा भाडेकरार लागेल, मालकाला आधीच सांगून ठेवा. बरेच मालक ऐनवेळी नाही म्हणतात.

शेजारच्या मुलासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, ती इतर मागास बहुजन कल्याण विभागाची. तिथे जिल्ह्यागणिक विद्यार्थीसंख्या ठरलेली असते, म्हणून जाहिरात निघाली की लगेच भरा. दोघांच्याही उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत आज रात्रीच तपासा. संपली असेल तर उद्या सकाळी सेतूत जा, पुढच्या आठवड्यात तिथे रांग लागते. आणि आधार बँकेच्या कोणत्या खात्याला जोडलेलं आहे ते बघा. पैसे त्याच खात्यात जातात, अर्जात दुसरं खातं लिहिलं तरी. काही अडलं तर मला व्यनि करा.